सरकती सुरई

बाईंना बोलायला विषय लागत नसे, समोर एक माणूस असला की पुरे. अशा बाईला कुणीतरी म्युझियममध्ये गाईड म्हणून नेमलं, हे म्युझियमचं भाग्य की आलेल्या लोकांचं नशीब, ते ज्याचं त्याने ठरवावं. एवढं मात्र खरं, की दारातून आत आलेल्या प्रत्येक घोळक्याला त्यांनी वर्षानुवर्षं लांबलचक पॅसेजमधून घड्याळांच्या दालनात नेलं, तिथून कुलपांच्या, मग जिना चढून जहाजांच्या, आणि एकालाही जांभई देऊ दिली नाही. सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणत. त्यांना नाव होतं, पण ते सही करतानाच काय ते लागायचं.

आता हा पॅसेज म्हणजे म्युझियमची अडगळ. ज्या वस्तूंना दालनात जागा नाही त्या तिथे भिंतीला लावून ठेवलेल्या. जुनी वजनं, छत्र्यांच्या मुठी, कुणाच्या तरी पत्र्याच्या पेट्या. लोक तिथून न बघता पुढे जायचे, आणि बाईही त्यांना न थांबवता पुढे न्यायच्या. पॅसेजच्या अगदी टोकाला, घड्याळांच्या दालनाच्या दाराशी, चार पायांच्या हलक्या घडवंचीवर काचेची एक पेटी होती आणि तिच्यात एक मातीची सुरई. खाली चिठ्ठी: मातीची सुरई. कान तुटलेला. काळ माहीत नाही. कुठून आली माहीत नाही. म्हणजे माहिती काय, तर माहिती नाही.

एके दिवशी त्या सुरईपाशी येईस्तोवर बाईंची उजवी पोटरी अशी काही आवळून आली, की ओला टॉवेल पिळावा तसं वाटलं. पुढचं पाऊल टाकणं शक्यच नव्हतं. बाई थांबल्या. मागे शिक्षकांचा मोठा घोळका. आणि थांबून गप्प उभं राहायचं, हे बाईंना जन्मात जमलेलं नव्हतं. डोळ्यासमोर जे आलं त्याच्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, हिचा कान कुणी तोडला असेल, सांगा बरं. कुणी म्हणालं मांजराने, कुणी म्हणालं मोलकरणीने, एक शिक्षिका म्हणाल्या नवऱ्याने, आणि कबूल नसेल केलं. हशा पिकला. हसणं ओसरेपर्यंत पोटरीही सुटली, आणि बाई काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच जागी. मग रोजचंच झालं. चालायला लागलं की पोटरी धरायची, थोडं उभं राहिलं की सोडायची. आता रोज रोज लोकांना कान कुणी तोडला हे किती विचारणार? म्हणून बाईंनी गोष्ट रचायला सुरुवात केली. दोन बहिणी होत्या, आई गेल्यावर दोघींनी सुरई धरली, एकीच्या हातात सुरई राहिली आणि दुसरीच्या हातात कान. मग धाकटीने तो कान आयुष्यभर उशाखाली ठेवला. मग थोरली म्हातारपणी तो शोधत आली. गोष्ट पोटरीच्या मापाची असायची. पाय लवकर सुटला तर बहिणींचं तिथेच मिटायचं, नाही सुटला तर भांडणात जावई यायचे. प्रत्येक गोष्टीची सुरुवात बाई ‘असं म्हणतात’ अशी करायच्या. आता असं म्हणणारं माणूस अख्ख्या जगात एकच होतं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आणि लोकांचं काय विचारता! घड्याळं विसरली, जहाजं विसरली, सगळ्यांच्या तोंडी सुरई. दारात येऊन माणसं विचारायला लागली, ती बहिणींची सुरई कुठे आहे हो? एका आजीबाईंना तर म्हणे तिथे रडू आवरेना, कारण त्यांचं आणि त्यांच्या बहिणीचं ताटावरून असंच झालं होतं. बाईंना त्या दिवशी मनातून फार ओशाळल्यासारखं झालं. पण पोटरी अजून सुटली नव्हती, म्हणून त्यांनी आजींना आणखी थोडं रडू दिलं.

इथवर ठीक होतं. पण पुढे पोटरी सुरईपाशी पोहोचण्याआधीच धरायला लागली. छत्र्यांच्या मुठींशी. आता छत्रीच्या मुठींबद्दल काय डोंबल बोलणार? पॅसेजमध्ये स्टुलावर बसणारा रखवालदार होता, मिशीवाला, बाईंपेक्षा वयाने थोडा मोठा. बाई त्याला दादा म्हणायच्या. दिवसभर बसून बसून त्याची नजर अशी तयार झालेली, की काचेवर माशी बसली तरी त्याला तिची जात कळावी. बाईंचं थांबणं त्याने केव्हाच ताडलं होतं. एका सकाळी त्याने एवढंच विचारलं, की बाई, सुरई जरा अलीकडे घेऊ का, तिकडे ऊन लागतं. तिकडे ऊन काय, उजेडही धड नव्हता. बाई म्हणाल्या, घ्या दादा, बिचारीला कशाला त्रास.

झालं. तेव्हापासून सुरईला पाय फुटले. केर काढायच्या निमित्ताने दादा घडवंची उचलायचा आणि खाली ठेवताना ती थोडी म्युझियमच्या बाहेरच्या दाराच्या बाजूला ठेवायचा. सुरई छत्र्यांच्या मुठींपाशी आली, तिथून वजनांपाशी, तिथून पत्र्याच्या पेट्यांपाशी. दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. लोकांना पत्ता नाही, आणि कचेरीत तर म्युझियममध्ये काय आहे हेच कुणाला नीट ठाऊक नव्हतं. पण बाई सुरईकडे बघायचं टाळायला लागल्या. ती दाराच्या जितकी जवळ येत होती, तितकं त्यांचं चालणं कमी होत होतं.

मग सांगून का टाकलं नाही? कारण तिकिटाची खिडकी. बाईंच्या आधी एक मामा गाईड होते. गोष्टी सांगायला लागले की भिंतीला कान फुटावेत असा माणूस. त्यांचे गुडघे गेले आणि त्यांना तिकिटाच्या खिडकीत बसवलं. समोर काच, काचेला भोक, आणि भोकातून दिवसभर एकच वाक्य: पुढे चला. बाई त्यांना रोज बघायच्या आणि मान फिरवायच्या. घरी त्या ठणकावून सांगायच्या, की काचेच्या पेटीत बसायला मी काय मांडून ठेवायची वस्तू आहे? मी चालणार, आणि चालता चालता बोलणार. तेवढं काढून घेतलंत तर मग माझ्यात राहतं काय?

म्हणून पायावर घरगुती उपाय चालले. तेल चोळून झालं, गरम पाण्याची पिशवी झाली, उशीवर पाय ठेवून झोपणं झालं. त्याने तर उलट जास्तच ठणकायचा. वयच झालं, शीर आखडली असेल, हवा बदलली, असली कारणं त्या स्वतःलाच देत होत्या. साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनी केव्हाच्या लिहून दिलेल्या, त्या बाई आठवल्या तर घ्यायच्या, आणि ड्रॉवरमधली गोड बिस्किटं मात्र न विसरता. नवऱ्याने जाड तळव्याचे नवे बूट आणून दिले. ते करंगळीला चावले. साधा बूट चावला, त्याचं काय एवढं, म्हणून बाईंनी पट्टी लावली. पण ती जखम काही भरायचं नाव घेईना.

बाईंचे यजमान बसवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त. बायकोने दोघांच्या वाट्याचं बोलून टाकल्यामुळे असेल, पण माणूस मोजकं बोलणारा. त्यांना एक कोडं पडलं होतं. घरात बटणं वाढत होती. बाई संध्याकाळी घरी आल्या की पर्समधून कागदाची पुडी निघायची: कधी शर्टाची पांढरी बटणं, कधी कोटाची मोठी, कधी लहान मुलांच्या झबल्याला लावतात तसली बदकाच्या आकाराची. घरात झबलं घालणारं कुणी नाही, आणि बाईंना शिवणाचा मनस्वी कंटाळा. डबे भरले, बरण्या भरल्या. यजमानांनी एकदा विचारलं तर बाई म्हणाल्या, असू द्यात हो, कधीतरी लागतात.

त्यातच म्युझियमला नवे संचालक आले. तरुण, हुशार, मनगटावर मोठं घड्याळ, आणि चालणं असं की त्यांच्याबरोबर जिना चढणाऱ्याच्या नाकी नऊ यावेत. माणूस वाईट नव्हता. त्यांना म्युझियम खरोखर चांगलं करायचं होतं, हेच बाईंचं दुर्दैव. त्यांनी जाहीर केलं, की लोकांना सुरई इतकी आवडते तर तिला वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली द्यायची, दिवे लावायचे, आणि उद्घाटनाला मोठे पाहुणे बोलवायचे. पाहुण्यांना दारापासून वरपर्यंत बाईंनीच न्यायचं, आणि सुरईची गोष्टही त्यांनीच सांगायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या. पण तोंडचं पाणी पळालं होतं. सुरई वर गेली म्हणजे पॅसेज मोकळा. आता थांबणार कशाच्या जिवावर?

आणि संचालकांनी जाता जाता आणखी एक खडा टाकला. जुन्या नकाशात सुरई पॅसेजच्या त्या टोकाला दाखवली आहे, मग ती या टोकाला कशी? त्यांनी दादाला विचारलं. दादा शांतपणे म्हणाला, केर काढताना सरकली असेल साहेब, हलकी आहे. संचालकांनी सुरईकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि मग बाईंच्या पायांकडे बघितलं.

त्या रात्री बाई जेवताना गप्प होत्या. यजमानांनी हातातला घास ताटात परत ठेवला. रागावलेली बायको त्यांना चालत होती, रडणारीही चालली असती. गप्प बसलेली त्यांनी कधी बघितलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी म्युझियम सुटायच्या वेळी ते बाहेर जाऊन उभे राहिले, आणि दोघं बरोबर घरी निघाली. कोपरा वळला, बटणांचं दुकान आलं, आणि बाई नेहमीप्रमाणे दुकानाच्या काचेसमोर थांबल्या. आतून दुकानदाराने ओळखीचं हसून नवी पेटी काढायला घेतली.

यजमान म्हणाले, “अगं, मी आयुष्यभर स्टॉपवर बस थांबवली. जे रोज त्याच जागी थांबतं, ते हौसेने थांबत नाही. कुठे दुखतंय?”

बाईंनी आधी उडवून लावायचा प्रयत्न केला. मग मात्र त्यांचा बांध फुटला. तिथेच, बटणांच्या काचेसमोर, त्यांनी पोटरीपासून सुरईपर्यंत आणि सुरईपासून खिडकीपर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरकडे गेलं की कागद होणार, कागद झाला की साहेबांना कळणार, आणि साहेबांना कळलं की मला भोकातून पुढे चला म्हणायला बसवणार.

“बसवू देत,” यजमान म्हणाले. “पण पाय तरी घरी येईल. ती करंगळी काळी पडायला लागलीये, मी बघितली. उद्या जायचं.”

नवरा जन्मभर काही बोलला नाही, आणि बोलला तो असं बोलला, की बाईंचीच बोलती बंद झाली.

डॉक्टर म्हणजे त्यांना मुलगी शोभेल एवढ्या वयाची निघाली. तिने आधी बूट काढायला लावले, मग पावलावर वरच्या बाजूला बोटं टेकवून डोळे मिटून उभी राहिली, मग घोट्याच्या मागे, मग दुसऱ्या पायाला. हाताला बांधतात तो रक्तदाबाचा पट्टा तिने घोट्याला बांधला. मग गार जेल लावून एक पेनासारखं यंत्र पायावर फिरवलं. डाव्या पायात सूं सूं असा जोरकस आवाज आला. उजव्यात कान देऊन ऐकावं लागलं.

करंगळी बघून ती चांगलीच तापली. इतके दिवस काय केलंत, म्हणाली. मग शांत होऊन तिने समजावलं. मांडीतून खाली जाणारी रक्ताची नळी आतून चिंचोळी होत होत जवळजवळ बंद झाली आहे. चालताना पोटरीला जास्त रक्त लागतं, ते पोहोचत नाही, म्हणून पोटरी ओरडते. थांबलं की गप्प होते. बाई म्हणाल्या, म्हणजे अगदी माझ्या उलट. यजमान छताकडे बघून हसले.

पुष्कळ लोकांचं गोळ्यांवर आणि रोजच्या चालण्यावर निभावतं, डॉक्टरांनी सांगितलं. पण तुमच्या बोटापर्यंत रक्तच जात नाही, ती जखम भरणार कशी? आता वेळ घालवला तर बोट जाईल, आणि मग बोटावर भागेल याची खात्री नाही. बाईंनी विचारलं, म्हणजे ऑपरेशन? मांडी किती कापणार? डॉक्टर म्हणाल्या, कापणार नाही. जांघेत एक सुई, त्यातून बारीक तार, ती आतल्या आत अडलेल्या जागेपर्यंत न्यायची, तिथे लहानसा फुगा फुगवून नळी मोकळी करायची, आणि गरज वाटली तर जाळीची एक नळी आत ठेवून द्यायची, म्हणजे ती पुन्हा मिटायला नको. तुम्ही जाग्याच असाल. बाईंना वाटलं, ही आपल्यापेक्षा मोठी थापाडी दिसते.

पण तसंच झालं. ऑपरेशनच्या खोलीत गारठा होता, अंगावर निळी चादर, आणि जांघेत टोचलं तेवढंच काय ते दुखलं. बाईंनी अट घातली होती, की पायात काय चाललंय ते दाखवणारा यंत्राचा पडदा मला दिसला पाहिजे. डॉक्टरांनी तो त्यांच्याकडे वळवून दिला. नळी पडद्यावर दिसावी म्हणून आतून औषध सोडलं तसा सगळा पाय आतल्या आत गरम झाला, आणि पडद्यावर एक काळी रेघ उमटून खाली जायला लागली. मांडीच्या मध्यावर आली आणि थांबली. तिथून पुढे केसासारख्या बारीक वाकड्यातिकड्या रेघा आजूबाजूने फिरून कशाबशा खाली उतरत होत्या.

“या बारीक वाटांनीच इतके महिने तुमचा पाय ओढला, मावशी,” डॉक्टर म्हणाल्या. “मोठा रस्ता बंद होता.”

बाईंना एकदम गलबलून आलं. आपण तिकडे बहिणींच्या भांडणात जावई घुसवत होतो, आणि आत हे बारीकसारीक जीव न बोलता राबत होते. स्वतःच्या पायाबद्दल इतकं प्रेम त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं, आणि इतकी शरमही. मग तार पुढे सरकली. एका जागी ती बराच वेळ अडून बसली, डॉक्टर हलक्या हाताने पुढे-मागे करत राहिल्या, आणि एकदाची पार गेली. फुगा फुगला तेव्हा मांडीत आतून दाब आला. जाळी बसली. पुन्हा औषध सोडलं. पुन्हा काळी रेघ खाली आली, आणि या वेळी ती थांबली नाही. मांडी, गुडघा, पोटरी, सरळ पावलापर्यंत गेली.

डॉक्टरांनी विचारलं, काय मावशी, आता का गप्प? बाई म्हणाल्या, बघू द्या हो जरा.

नंतर पाय सरळ ठेवून हलायचं नाही असा हुकूम होता. पाय हलवायचा नाही म्हटल्यावर बाईंनी जीभ हलवली, आणि वॉर्डातल्या सगळ्या बायकांना संध्याकाळपर्यंत नळी, तार आणि फुगा तोंडपाठ झाला. यजमान भेटायला आले, त्यांनी चादरीखाली हात घालून बायकोचं पाऊल धरलं. “गरम आहे,” ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर काहीतरी बघायला म्हणून तोंड वळवून बराच वेळ उभे राहिले. घरी सोडताना डॉक्टरांनी खडसावून सांगितलं, की ही काही जादू नाही. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, साखर आटोक्यात ठेवायची, रोज चालायचं, नाहीतर नळी पुन्हा भरते. बिस्किटांचा ड्रॉवर यजमानांनी आपल्या ताब्यात घेतला. करंगळीची जखम हळूहळू कोरडी पडली, मग भरली. बटणवाल्याचं मात्र वाईट झालं. बाई त्याच्या दुकानावरून न थांबता गेल्या, तसा तो धावत बाहेर आला आणि म्हणाला, ताई, माझं काही चुकलं का?

रजेच्या अर्जामुळे संचालकांना सगळं कळलं होतंच. बाई कामावर आल्या तेव्हा त्यांनी खुर्ची दिली, चौकशी केली, आणि मग स्पष्टच सांगितलं. मागे तुम्ही पॅसेजमध्ये थांबायचात, मागून येणारे घोळके तुमच्यावर येऊन अडायचे, तक्रारी होत्या. तिकिटाच्या खिडकीत आणखी एक जागा आहे, बसून करायचं काम आहे, त्यात कमीपणा नाही. उद्घाटनाच्या दिवशी दारापासून सुरईपर्यंत मी बरोबर चालेन. पॅसेजमध्ये आता बघण्यासारखं काही ठेवलेलं नाही, तिथे थांबायचं कारण नाही. न थांबता वर पोहोचलात तर गाईडचं काम तुमचं. नाहीतर खिडकी. बाई म्हणाल्या, मंजूर. बाहेर येऊन दादाला म्हणाल्या, बघाच तुम्ही, त्या साहेबांनाच धाप लागते की नाही.

उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे एक निवृत्त न्यायाधीश होते. उंच, ताठ, चांदीच्या मुठीची काठी, आणि चेहरा असा की समोरच्याने काही न करताच गुन्हा कबूल करावा. मागे पंचवीस-तीस लोक, बाजूला संचालक, आणि सगळ्यांच्या पुढे बाई. पॅसेज खरंच रिकामा केला होता. भिंती नव्याने रंगवलेल्या, पेट्या गेलेल्या, वजनं गेलेली. बाई निघाल्या. पाय असा पडत होता की त्यांना मोठ्याने हसावंसं वाटत होतं. दादाने स्टुलावरून उठून सलाम केला, तोही बहुधा पायालाच.

अर्धा पॅसेज झाला आणि बाईंना जाणवलं, की मागून काठीचा आवाज येत नाही. त्यांनी वळून बघितलं. न्यायाधीश भिंतीसमोर उभे होते. कोऱ्या भिंतीकडे टक लावून. “रंग छान दिलाय,” ते कुणाला तरी म्हणाले. एक पाय त्यांनी नकळत सैल सोडला होता, आणि काठीच्या मुठीवरची बोटं पांढरी पडली होती. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एवढ्या मोठ्या माणसाला काय विचारणार? काहीजण रंगाची तारीफ करू लागले.

बाईंना ते उभं राहणं ओळखायला वेळ लागला नाही. पण संचालकांची नजर आता न्यायाधीशांवर नव्हती, बाईंच्या पायांवर होती. पुढे चालत राहिलं तर काम आपलं. लोक आपोआप मागे येतील, न्यायाधीश ओढत येतील नाहीतर परत जातील, आणि घरी जाऊन बूट बदलतील. बाईंनी एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा. मग त्या वळल्या, मागे आल्या, कोऱ्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला.

“जरा थांबू या. वर सुरई बघायच्या आधी तिची खरी गोष्ट ऐकायला हवी, आणि ती इथलीच आहे.”

संचालकांनी मनगट वर केलं. बाईंनी तिकडे बघितलं नाही. या वेळी त्यांनी ‘असं म्हणतात’ म्हटलं नाही. एक बाई होती, म्हणाल्या, तिला चालताना पोटरी धरायची, आणि ते सांगायची तिला लाज वाटायची. म्हणून तिने एका तुटक्या सुरईपाशी थांबायला सुरुवात केली, आणि दोन बहिणी रचल्या. बहिणी कधी नव्हत्याच. सुरई कुठून आली हे कुणालाच ठाऊक नाही. ती सुरई दाराकडे सरकत कशी गेली, घरात बदकांची बटणं कशी साठली, बूट चावला आणि बोट काळं कसं पडलं, ते त्यांनी सगळं सांगितलं. लोक आधी गोंधळले, मग हसायला लागले, बटणांपाशी तर पोट धरून हसले. मग डॉक्टरांची बोटं, तो यंत्राचा आवाज, सुई, तार, फुगा. पडद्यावरची रेघ मांडीत अडली तिथे हसणं थांबलं. संचालक कधी मनगट खाली सोडून उभे राहिले ते त्यांनाही कळलं नसावं.

न्यायाधीश एकदाही हसले नाहीत. भिंतीकडची नजर त्यांनी केव्हाच सोडली होती, आणि ते बाईंकडे एखाद्या साक्षीदाराकडे बघावं तसं बघत होते.

“आणि त्या बाईंचं पुढे काय झालं?” त्यांनी विचारलं.

“ती तुमच्यापुढे उभी आहे,” बाई म्हणाल्या. “तिला जिना चढायचाय, पण घाई नाही. तुमची पोटरी सुटली की निघू.”

न्यायाधीशांनी आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत खाली वाकून आपली पोटरी चोळली. ते म्हणाले, वर्ष झालं, घरी मी सांगतो की बूट घट्ट आहेत. मग त्यांनी हात पुढे केला आणि बाईंनी तो धरला. संचालक दादाकडे वळून म्हणाले, की जिन्याच्या मधल्या टप्प्यावर एक खुर्ची ठेवा, आणि उद्यापासून बाईंच्या फेरीत ती तिथेच राहू द्या.